बाल्डर, बांडगूळ आणि एका आईची भीती: गॉड ऑफ वॉरमधल्या एका मृत्यूचं प्रकरण

आधीच सांगते, खाली २०१८ च्या गॉड ऑफ वॉर या व्हिडिओ गेमचा शेवट पूर्ण फोडलेला आहे आणि त्याच्या पुढच्या भागातलं, २०२२ च्या रॅग्नारॉकमधलं पण बरंच येतं, त्यामुळे ज्यांना खेळायचाय त्यांनी आधी खेळून घ्या आणि मग वाचा, खरंच सांगते, पहिल्यांदा खेळताना जे वाटतं ते परत मिळत नाही.

देव, राक्षस, अजस्र साप, बोलणारी मुंडकी असलं सगळं गेम्समध्ये पहिल्यापासून आहे. बहुतेक वेळा होतं काय, की नाव घेतात, हातातलं हत्यार घेतात, डोक्यावर शिंगं बसवतात आणि झाला देव तयार. त्या देवाची गोष्ट काय होती, लोकांनी ती शेकडो वर्षं का सांगितली, ते बाहेरच राहतं. सांता मोनिका स्टुडिओने कोरी बार्लॉगच्या दिग्दर्शनाखाली केलेल्या या गेममध्ये मात्र एक प्रकरण असं आहे की जिथे आतली गोष्टच उचलली आहे आणि बाहेरचं जवळपास सगळं बदललंय. ते म्हणजे बाल्डरचा मृत्यू. मी फक्त त्याबद्दलच लिहिणार आहे, अख्ख्या गेमचा रिव्ह्यू नाही हा.

मूळ गोष्ट आधी, कारण ती माहीत नसेल तर पुढची गंमत कळणार नाही. नॉर्स लोकांचा, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या लोकांचा, बाल्डर म्हणजे देवांचा राजा ओडिन आणि त्याची बायको फ्रिग यांचा मुलगा, सगळ्यांचा लाडका, देखणा, तेजस्वी. त्याला स्वतःच्या मरणाची स्वप्नं पडायला लागतात. आई घाबरते. मग ती जगातल्या प्रत्येक वस्तूकडे जाऊन शपथ घेववते, आग, पाणी, लोखंड, दगड, माती, झाडं, रोगराई, जनावरं, पक्षी, विष, साप, सगळ्यांकडून वचन की माझ्या बाल्डरला इजा करणार नाही. झालं, आता त्याला काहीच लागत नाही म्हटल्यावर देवांना खेळच सापडतो, त्याला मध्ये उभं करायचं आणि दगड मारायचे, बाण मारायचे, कुऱ्हाडी घालायच्या आणि त्याला काही होत नाही बघून हसायचं. लोकी नावाच्या कपटी देवाला हे बघवत नाही. तो बाईचं रूप घेऊन फ्रिगकडे जातो आणि गोड बोलून काढून घेतो की सगळ्यांनी खरंच शपथ घेतली का गं? ती म्हणते, वल्हाल्लाच्या, म्हणजे ओडिनच्या महालाच्या, पश्चिमेला मिसलटोचं एक कोवळं रोप आहे, ते फारच लहान वाटलं म्हणून त्याच्याकडून नाही घेतली. संपलं. लोकी तेच उपटून आणतो, बाल्डरचा आंधळा भाऊ होडर बाजूला एकटा उभा असतो त्याच्या हातात देतो, दिशा दाखवतो, आणि बाल्डर जागच्या जागी कोसळतो.

आता मिसलटो म्हणजे काय तर आपल्याकडच्या बांडगुळाचाच भाऊबंद. आंब्यावर वाढतं ना, स्वतःचं मूळ जमिनीत नाही, दुसऱ्याच्या फांदीत शिरून रस पितं, ते. आपण तर हा शब्द शिवीसारखा वापरतो, ऐतखाऊ माणसाला. मला हे फार आवडतं की ज्या गोष्टीला जगात कोणी मोजतच नाही, जी ना धड झाड ना धड वेल, तीच नेमकी यादीतून सुटते आणि तिच्यातूनच मरण आत येतं. या गोष्टीची खरी मेख तीच आहे. लोकीचं कपट, होडरचं आंधळेपण, देवांचा खेळ हे सगळं तिच्याभोवती आहे, पण मेख एकच: आईने इतकं घट्ट संरक्षण उभं केलं आणि एक फट राहिली.

मी हा गेम पीसीवर आल्यावर खेळले, म्हणजे २०२२ मध्ये. रात्री मोठ्या स्क्रीनवर चालू होता आणि आई शेजारी शेंगा सोलत बसली होती, तिला गेममधलं काही कळत नाही पण कटसीन, म्हणजे मधले सिनेमासारखे प्रसंग, बघायला आवडतात. गेममध्ये बाल्डरची आई फ्रेया आहे, तिने मुलावर मंत्र टाकलाय, त्यामुळे त्याला मारता येत नाही, फक्त एकच गोष्ट लागू पडते, हे मी तिला सांगितल्यावर ती पटकन म्हणाली, "म्हणजे गांधारीच की." मी थांबलेच. बरोबर होतं तिचं. गांधारी डोळ्यांवरची पट्टी सोडून दुर्योधनाकडे बघते आणि त्याचं अंग वज्राचं होतं, पण कृष्णाने मध्ये गाठून त्याला कमरेला पानं गुंडाळायला लावलेली असतात, म्हणून मांडी तेवढी कच्ची राहते. तिकडे मिसलटो, इकडे मांडी. दोन्हीकडे आईच. दोन्हीकडे फट राहायला कारण वरवर बघता किरकोळ, एकीकडे "एवढंसं तर रोप आहे", दुसरीकडे "आईसमोर असा कसा जाऊ".

आणि यात अजून एक गोष्ट आहे जी या प्रकरणाला थेट लागू होते. ही पट्टी सोडण्याची गोष्ट आपल्या सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आहे ना, त्यात ती नाही. तिथे भीम मांडी फोडतो तो द्रौपदीच्या अपमानाच्या वेळी केलेल्या प्रतिज्ञेमुळे, आणि मैत्रेय ऋषींचा शापही असतो. पट्टी सोडण्याचा भाग नंतर कोणीतरी सांगणाऱ्याने घातला आणि तो इतका चपखल बसला की आज तोच आधी आठवतो. म्हणजे गोष्टीत भर घालणं हे काही आजच्या गेमवाल्यांनी सुरू केलेलं नाही.

बाल्डरच्या बाबतीतही हेच आहे. आत्ता मी वर सांगितली ती गोष्ट इतक्या तपशिलात मिळते ती स्नोरी स्टर्लुसनच्या एड्डा नावाच्या पुस्तकात, आणि ती लिहिली गेली साधारण १२२० च्या आसपास, आईसलँडमध्ये. आईसलँड ख्रिश्चन झाला होता सुमारे १००० साली. म्हणजे ज्या देवांची पूजा बंद होऊन दोनशे वर्षं झाली होती त्यांच्या गोष्टी एक ख्रिश्चन माणूस लिहून ठेवतोय, जुन्या कविता समजाव्यात म्हणून. मिसलटो तर आईसलँडमध्ये उगवतच नाही. आणि त्याच्या थोडं आधी डेन्मार्कमध्ये साक्सो ग्रामाटिकस नावाच्या माणसाने लॅटिनमध्ये लिहिलंय त्यात तर बाल्डर गरीब बिचारा नाहीच, तो लढवय्या आहे, नान्ना नावाच्या मुलीच्या मागे वेडा झालेला, आणि होडर म्हणजे तिथला होथेरुस हा आंधळा नसून त्याचा प्रतिस्पर्धी आहे आणि तलवारीने त्याला मारतो. मिसलटोचा पत्ताच नाही. तर जे लोक म्हणतात की गेमने बाल्डरला रागीट आणि हिंसक केला म्हणजे खरा बाल्डर बिघडवला, त्यांना मला विचारायचंय की कुठला खरा? स्नोरीचा की साक्सोचा?

आता गेममध्ये काय केलंय बघा.

क्रेटोस, जो आधीच्या ग्रीक गेम्समध्ये सगळं ऑलिम्पस उद्ध्वस्त करून आलाय, तो नॉर्स देशात मुलगा अट्रेयससोबत राहतोय. बायको फे वारली आहे, तिची राख सगळ्यात उंच शिखरावरून उधळायची आहे, एवढीच वरची गोष्ट. अंत्यसंस्कार होतात न होतात तोच दारात एक किरकोळ अंगाचा, अंगावर गोंदण असलेला माणूस येतो आणि मारामारी उकरून काढतो. हाच बाल्डर पण नाव नंतर कळतं. त्या पहिल्या लढाईत तुम्ही त्याला कितीही मारा, जखमा भरून येतात, तो हसतो, अजून मार म्हणतो. मी ती लढाई तीनदा हरले आणि चौथ्यांदा खेळताना डोक्यात आलं की अरे आपण इथे एड्डामधल्या त्या देवांच्या जागी उभे आहोत! त्यांनी जसं बाल्डरला मध्ये उभं करून हाताला येईल ते फेकलं तसंच आपण कंट्रोलर घेऊन करतोय. मूळ गोष्टीत तो खेळ आहे, मजा आहे, इथे ती बॉस फाईट झाली. वाचणारा ती गोष्ट नुसती ऐकतो, खेळणाऱ्याला मात्र प्रत्येक घाव वाया गेलेला बोटांना कळतो. हे फक्त गेमच करू शकतो, सिनेमाला हे जमणार नाही.

मग हळूहळू कळतं की जंगलातली चेटकीण, जी या बापलेकाला मदत करते, ती फ्रेया आहे आणि बाल्डर तिचा मुलगा. त्याच्या जन्माच्या वेळी तिला दिसलं होतं की त्याला विनाकारण मरण येणार, म्हणून तिने मंत्र टाकला की कशानेच मरणार नाही, कशानेच दुखणार नाही. पण दुखणार नाही म्हणजे काहीच जाणवणार नाही. जेवणाची चव नाही, ऊब नाही, थंडी नाही, कोणाचा स्पर्श नाही. शंभरेक वर्षं असा जगलाय तो आणि आईचा इतका द्वेष करतो की तिला मारणं एवढंच त्याला हवंय. आणि तिला हे सगळं माहीत असून ती मंत्र काढत नाही. काढूच शकत नाही ती, आई आहे.

मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हाच होता, आणि तो फार विचाराने घेतलाय. स्नोरीच्या गोष्टीत कोणी विचारतच नाही की ज्याला काहीच लागत नाही त्याला कसं वाटत असेल. बाल्डर तिथे जवळपास बोलतच नाही, उभा राहतो, मार खातो, मरतो. लेखकांनी तोच न विचारलेला प्रश्न विचारला. शपथ तीच, आईची भीती तीच, फट तीच, फक्त संरक्षण मिळालेल्या माणसाच्या आत जाऊन बघितलं. याला मी अडॅप्टेशन म्हणते. नवीन काही चिकटवलं नाही, जुन्या गोष्टीतली न बघितलेली खोली उघडली.

फ्रिगच्या जागी फ्रेया घेतली यावर पण बऱ्याच जणांचा आक्षेप असतो. मूळ कथांमध्ये फ्रिग ही ओडिनची बायको आणि फ्रेया ही वानिर कुळातली वेगळी देवी. गेमने दोघींची एक केली. पण या दोघी मुळात एकाच देवीतून फुटल्या असाव्यात का, हा वाद अभ्यासकांमध्ये जुना आहे, फ्रिगचा नवरा ओडिन आणि फ्रेयाचा नवरा ओड, नावं बघा किती जवळची. त्यामुळे हे अगदी हवेतून आणलेलं नाही. आणि गोष्टीच्या दृष्टीने फायदा मोठा झाला, कारण फ्रेया ही जादू जाणणारी, युद्धाशी नातं असलेली देवी आहे, तिने मुलावर मंत्र टाकणं शोभतं. सगळ्यांच्या दारोदार जाऊन शपथा मागणारी फ्रिग गेममध्ये दाखवायची कशी हा प्रश्न पण सुटला.

आता सगळ्यात चांगली गोष्ट, पट्टा.

गेममध्ये मध्येच कुठेतरी सिंद्री नावाचा बुटका लोहार अट्रेयसला मिसलटोचे बाण देतो. सहज. तुम्ही लक्ष पण देत नाही. पुढे फ्रेयाच्या नजरेला ते पडतात आणि ती एकदम बिथरते, हे वाईट आहेत म्हणून आगीत टाकते आणि अट्रेयसला स्वतःचे दुसरे बाण देते, अजून कुठे असले दिसले तर नष्ट करा म्हणते. का ते सांगत नाही. मिमिरला खरं माहीत असतं, मिमिर म्हणजे ते बोलणारं मुंडकं, पण तिने त्याच्यावरही मंत्र टाकलाय त्यामुळे सांगायला गेला की तोंडातून नीट शब्द निघत नाहीत. आणि अट्रेयसच्या भात्याचा पट्टा तुटलेला असताना क्रेटोसने त्यातल्याच एका बाणाचं टोक अडकवून तो सांधलेला असतो. बापाने मुलासाठी केलेली घरगुती दुरुस्ती, आपण चपलेचा अंगठा तुटल्यावर सेफ्टी पिन लावतो तशी. ते टोक तिथेच राहतं. शेवटच्या लढाईत बाल्डर अट्रेयसच्या छातीवर ठोसा मारतो आणि ते टोक त्याच्या हातात घुसतं. मंत्र तुटतो. त्याला दुखतं, आणि तो आनंदाने वेडा होतो, बर्फ हाताला लागतो ते जाणवतंय म्हणून.

फ्रिगने शपथ घेतली नाही ते रोप, फ्रेयाने जाळले त्यातून सुटलेलं टोक. दोन्ही आयांनी यादी पूर्ण केली असं समजलं आणि एकेक सुटलं. तीच मेख, अगदी जशीच्या तशी.

पण अजून बाकी आहे. शिखरावर पोचल्यावर भिंतीवरच्या चित्रांतून कळतं की आई फे ही राक्षसकुळातली, तिचं नाव लॉफे, आणि तिने मुलाचं नाव लोकी ठेवायचं ठरवलं होतं. जुन्या कवितांत लोकीला बापाच्या नावाने नाही तर आईच्या नावाने ओळखतात, लॉफेयारसन, लॉफेचा मुलगा, आणि नॉर्स लोकांत हे नेहमीचं नाही. गेमने तो एक शब्द धरून अख्खं कुटुंब उभं केलं. आणि मग डोक्यात उजेड पडतो की बाल्डरपर्यंत मिसलटो कोणी नेलं? लोकीनेच नेलं! छातीवर बांधून नेलं. मूळ गोष्टीत त्याने कपटाने नेलं, इथे त्याला स्वतःचं नाव पण माहीत नव्हतं. होडर तर गेममध्ये नाहीच, पण त्याचं आंधळेपण आहे, ते सगळ्यांत वाटून टाकलंय. टोक अडकवणाऱ्या क्रेटोसला माहीत नाही, पट्टा घालणाऱ्या मुलाला माहीत नाही, ठोसा मारणाऱ्या बाल्डरला माहीत नाही. दुसऱ्यांदा गेम खेळताना मी तो पट्टा बांधण्याचा सीन बघत होते आणि अंगावर काटा आला, कारण आता मला माहीत होतं की इथे काय बांधलं जातंय.

एक फरक मात्र मोठा आहे. एड्डामध्ये मिसलटो मारतं. गेममध्ये मिसलटो मारत नाही, ते फक्त मंत्र तोडतं, म्हणजे बाल्डरला जे हवं होतं ते देतं. त्यानंतर तो जगू शकला असता. क्रेटोस त्याला सोडतो पण. तरी तो आईचा गळा दाबायला जातो आणि ती स्वतः म्हणते की मला मारून तुझं समाधान होणार असेल तर मार. तेव्हा क्रेटोस, ज्याने स्वतःच्या बापाला म्हणजे झ्यूसला मारलंय, तो मागून येऊन बाल्डरची मान मोडतो. विनाकारण मरण येणार ही भविष्यवाणी इथे खरी होते, आणि नियतीने काही केलं म्हणून नाही, मंत्र टाकण्यातून जो द्वेष साठला त्यातून. आमच्या आईने शेंगांचं ताट बाजूला ठेवलं होतं तेव्हा.

आता जिथे जमलं नाही ते पण सांगायला हवं, नाहीतर हा अभ्यास अर्धा राहील. टीर. नॉर्स कथांमध्ये टीरची ओळखच ही की फेनरिर लांडग्याला बांधताना लांडगा म्हणाला, तुमच्यापैकी कोणीतरी माझ्या तोंडात हात ठेवा, मग बांधून घेतो. देव त्याला फसवणार हे सगळ्यांना माहीत होतं, तरी टीरने हात ठेवला आणि तो गेला. वचन मोडण्याची किंमत एकट्याने दिली. रॅग्नारॉकमध्ये टीर आहे पण त्याचे दोन्ही हात शाबूत आहेत, आणि फेनरिर म्हणजे अट्रेयसचा पाळलेला लांडगा, ज्याचा आत्मा पुढे गार्म नावाच्या अजस्र कुत्र्यात जातो. तो भाग भावुक आहे, मी रडले पण त्यात, पण हाताची गोष्ट हरवली ती हरवलीच, आणि तिच्या जागी तेवढ्या वजनाचं काही आलं नाही. टीरला उंच, शांत, शहाणा केला, छान दिसतो, पण तो टीर का आहे हे कळत नाही. बाल्डरच्या वेळी मेख ठेवली आणि बाकीचं बदललं, टीरच्या वेळी नाव ठेवलं आणि मेख काढून टाकली. थॉरच्या मुलांचं, माग्नी आणि मोदीचं, तसंच थोडंसं. जुन्या कथेत रॅग्नारॉकनंतर, म्हणजे जगाच्या अंतानंतर, जे वाचतात आणि बापाचा हातोडा ज्यांच्याकडे येतो तेच हे दोघे, इथे पहिल्याच गेममध्ये मारले जातात.

हे सगळं मोकळेपणाने करता आलं त्याला एक कारण हेही आहे की फ्रेया किंवा बाल्डरच्या देवळात रोज नारळ फुटत नाही. आईसलँडमध्ये जुना धर्म मानणारे लोक आज आहेत, त्यांच्या संघटनेला १९७३ मध्ये सरकारी मान्यता पण मिळाली, पण घराघरात देव्हारा असण्यासारखं ते नाही. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये राजी नावाचा गेम काढला तेव्हा त्यांनी काय केलं बघा, दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात, वर देतात, पण लढते ती राजी, एक साधी खेळ करणारी मुलगी, भाऊ गोलूला शोधत निघालेली. जिवंत देवाला लढाईत मारता येत नाही आणि हरवताही येत नाही, म्हणून त्यांना थोडं लांब ठेवलं. माझ्या मते ते बरोबर केलं, आणि तरीही मला मनापासून बघायचंय की कोणीतरी गांधारीवर असा गेम करेल, पट्टी सोडण्याच्या आधीच्या त्या एका क्षणावर.

शेवटी फ्रेयाकडे परत येते, कारण प्रकरण बाल्डरचं असलं तरी उरते ती. बाल्डर मरताना बर्फ पडायला लागतो, त्याचा शेवटचा शब्द पण बर्फच आहे, आणि तिथून फिंबुलविंटर सुरू होतो, रॅग्नारॉकच्या आधीचा मोठा हिवाळा. फ्रेया मुलाचं प्रेत मांडीवर घेऊन क्रेटोसला शाप देते, की ज्या ज्या यातना आहेत त्या सगळ्या तुझ्यावर आणीन. क्रेटोसने तिचाच जीव वाचवलेला असतो. आईला मी हे सांगायच्या आधीच तिला युद्धानंतरची गांधारी आठवली होती, शंभर पोरांची प्रेतं बघून कृष्णाला शाप देणारी, की तुझं कुळ पण असंच एकमेकांना मारून संपेल.

व्होलुस्पा नावाच्या जुन्या कवितेत बाल्डरच्या मृत्यूनंतर आईबद्दल एवढंच येतं की फ्रिग फेन्सालिरमध्ये, म्हणजे तिच्या घरी, रडली. एका ओळीचा तुकडा. दुसऱ्या गेममध्ये फ्रेया पहिल्याच प्रसंगात बहिरी ससाण्याच्या रूपात क्रेटोसवर झडप घालते, तीन वर्षं ती हेच करत आलेली असते, आणि पुढे कितीतरी तासांनी, ओडिनने तिच्यावर टाकलेला शाप तुटल्यावर, ती क्रेटोसच्याच बाजूने लढायला उभी राहते, मुलाबद्दल बोलताना आवाज तरीही फुटतोच. आईने तो दुसरा गेम पण पूर्ण बघितला, रोज जेवण झालं की विचारायची, आज फ्रेया आहे का.